कलम २५ : मर्यादा धर्माला की माणसाला?

'धर्मस्वातंत्र्य' हा शब्द या देशात दोन अगदी उलट कामांसाठी वापरला जातो. संविधानाच्या कलम २५ मध्ये तो माणसाच्या विवेकाला मोकळं ठेवण्यासाठी आहे. १९६७ मध्ये ओडिशानं, १९६८ मध्ये मध्य प्रदेशानं आणि २००३ मध्ये गुजरातनं केलेल्या कायद्यांच्या नावातही 'धर्मस्वातंत्र्य' आहे. पण तिथं त्याचं काम आहे धर्म सोडून जाणाऱ्याला वाटेत अडवून विचारणं की बाबा, कुठं निघालास, कुणी फूस लावली आणि किती पैसे मिळाले?

या कायद्यांच्या बाजूनं बोलणारे लोक एक वाक्य हमखास म्हणतात. कुठलंही स्वातंत्र्य अमर्याद नसतं. धर्मस्वातंत्र्यालाही मर्यादा आहेत. वाक्य खरं आहे. आंबेडकरी माणसानं तर ते सर्वांत आधी मान्य करावं, कारण कलम २५ मधल्या मर्यादा आपल्याच रक्ताघामातून आल्या आहेत. प्रश्न एवढाच की त्या मर्यादा कुणाला घातल्या होत्या.

मूळ कलम वाचा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि 'या भागातील इतर तरतुदी' यांच्या अधीन राहून सर्व व्यक्तींना विवेकस्वातंत्र्याचा आणि धर्म उघडपणे मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा सारखाच हक्क आहे. इथं हक्कदार कोण आहे? व्यक्ती. हिंदू धर्म नव्हे, इस्लाम नव्हे, बौद्ध धम्मसुद्धा नव्हे. धर्म ही काही कलम २५ ची लाभार्थी नाही. आणि 'या भागातील इतर तरतुदी' म्हणजे मूलभूत हक्कांची बाकीची कलमं. त्यात समतेचं कलम १४ आहे, भेदभाव रोखणारं १५ आहे, अस्पृश्यता नष्ट करणारं १७ आहे, जगण्याचं २१ आहे. म्हणजे धर्मस्वातंत्र्याला या सगळ्यांच्या खाली बसवलंय. धर्माच्या नावानं कुणाला पाणवठ्यावरून हाकललं, तर तिथं धर्मस्वातंत्र्य संपतं.

हे आपोआप झालं नाही. संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी धर्म 'आचरण्याच्या' हक्काला आक्षेप घेतला होता. आचरण मोकळं सोडलं तर देवदासी, पडदा, सती यांनाही त्याचं छत्र मिळेल आणि सुधारणेचे कायदे कोर्टात टिकणार नाहीत, ही त्यांची भीती. म्हणून कलम २५ च्या दुसऱ्या खंडात समाजसुधारणेचे कायदे करण्याची आणि हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा राज्याला स्पष्टपणे दिली गेली. बाबासाहेबांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितलं की या देशात धर्मानं जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं आयुष्य व्यापलंय. तेवढं सगळं धर्म म्हणून वाचवायचं ठरवलं, तर सामाजिक सुधारणेचं दार कायमचं बंद होईल. त्यामुळे जे मुळात धार्मिक आहे, श्रद्धा आणि विधी, तेवढ्यापुरताच धर्म मर्यादित करायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

याच मुद्द्याची पुढं कोर्टात कशी उलटापालट झाली ते बघण्यासारखं आहे. बाबासाहेबांचा प्रश्न होता की एखादी गोष्ट मुळात धार्मिक आहे की सामाजिक? १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय वेगळाच प्रश्न विचारू लागलं, की अमुक प्रथा त्या धर्माला अत्यावश्यक आहे का? दोन्ही प्रश्न ऐकायला जुळे भाऊ वाटतात, पण आहेत वैरी. पहिल्या प्रश्नानं धर्माचं कुंपण आत सरकतं. दुसऱ्यानं न्यायाधीश पोथ्या उघडून बसतात, आणि प्रथा 'अत्यावश्यक' ठरली की ती वाचते, मग तिच्याखाली कोण का चिरडेना.

चिरडलेल्यांचं एक उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे. १९४९ मध्ये मुंबई राज्यानं वाळीत टाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं तो कायदाच रद्द केला. बहिष्काराचा अधिकार हा त्या पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असं बहुमत म्हणालं. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळं बोलले. वाळीत टाकलेल्या माणसाची अवस्था त्याच्या समाजात अस्पृश्यासारखीच होते, आणि तसं असेल तर हा कायदा कलम १७ ची आज्ञाच पाळतोय, असं त्यांनी लिहिलं. एका मुस्लिम पंथाच्या खटल्यात कलम १७ चा हात धरणारा हा निकाल प्रत्येक भीमसैनिकानं वाचायला हवा. साठ वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न पुन्हा नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्याचं ठरवलं. दरम्यान महाराष्ट्राला जातपंचायतींच्या जाचापायी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

दुसरं उदाहरण अहमदाबादचं. दलितांना देवळात येऊ द्यायला लागू नये म्हणून स्वामीनारायण पंथाचे सत्संगी १९४८ मध्ये कोर्टात गेले. दावा काय, तर आम्ही हिंदूच नाही, त्यामुळे हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही! स्पृश्यास्पृश्य पाळण्यासाठी माणसं हिंदू धर्म सोडायला तयार झाली होती. खटला अठरा वर्षं चालला. १९६६ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी सत्संगी हरले असा निकाल दिला, पण त्यासाठी हिंदू धर्म म्हणजे काय यावर पानंच्या पानं खर्ची घातली. मला नेहमी वाटतं, एवढा खटाटोप कशाला? कलम १७ च्या एका ओळीत काम झालं असतं. पण आपल्या न्यायालयांना धर्माची व्याख्या करायला आवडतं, अस्पृश्यतेची व्याख्या करायची म्हटलं की त्यांची लेखणी अडखळते.

तर मर्यादांची ही खरी दिशा आहे. देवळाचं कुलूप, पंचायतीचा बहिष्कार, गावकुसाबाहेरची वस्ती यांना घातलेली वेसण म्हणजे कलम २५ मधल्या मर्यादा. बलवान धर्मसत्तेपासून एकट्या माणसाला वाचवायचं, हे त्यांचं काम.

आता याच मर्यादा उलट्या कशा फिरवल्या ते पाहू.

माझा एक मामेभाऊ गेली वीसेक वर्षं गुजरातमध्ये आहे. आमचं मूळ खानदेशातलं. माझे आजोबा १९५६ मध्ये भुसावळहून गाडीनं नागपूरला गेले, तीन दिवसांनी परतले आणि घरातले टाक, तसबिरी गाठोड्यात बांधून तापीत सोडून आले. मामाकडच्यांनी मात्र त्या वेळी ते केलं नाही. जयंतीला येत, वर्गणी देत, पण कागदोपत्री हिंदूच राहिले. आता मामेभावाच्या मुलीनं हट्ट धरला की शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे आपण बौद्ध लिहायचं, तर रीतसर दीक्षा घेऊनच. आजोबांना त्या काळी फक्त तिकीट काढावं लागलं होतं. मामेभावाला अर्ज करावा लागला. मग चौकशीला एक पोलीस घरी आला. दीक्षा का घेताय, कुणी सांगितलं, काही मदत कबूल केली आहे का, नोकरी, घर, पैसे? मामेभाऊ गिरणीत फिटर आहे. तो म्हणाला, साहेब, मदत तर मीच विहाराला करतो. त्यावर पोलिसानं शेजारच्या दोघांना बोलावलं आणि विचारलं, हे खरं बोलतात का? शेजाऱ्यांना आमची जात आजवर माहीत नव्हती. ती त्या दिवशी कळली. मुलगी आता त्या घरी खेळायला जात नाही.

हा छळ कुणा एका हवालदाराचा नाही. कायद्याचंच ते काम आहे. गुजरातच्या कायद्यात दीक्षा देणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची आणि घेणाऱ्यानं नंतर कळवायचं, अशी तरतूद आहे. ८ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या गृह विभागानं परिपत्रक काढून सांगितलं की बौद्ध धम्म हा वेगळा धर्म मानावा आणि हिंदू धर्मातून त्यात जाणाऱ्यालाही ही परवानगी लागेल. त्याआधी काही अधिकारी म्हणत, कलम २५ प्रमाणे बौद्ध हे हिंदूच, तुम्हाला परवानगीची गरज नाही. नव्या परिपत्रकाचं आपल्यातल्या काही संघटनांनी स्वागत केलं, की निदान धम्म वेगळा आहे हे तरी सरकारनं मान्य केलं. अर्धं स्वागत मीही करीन. पण याच राज्याच्या विधानसभेनं २००६ मध्ये दुरुस्ती विधेयक आणून बौद्ध आणि जैनांना हिंदू धर्माच्या शाखा ठरवलं होतं. राज्यपालांनी ते परत पाठवल्यावर ते मागं पडलं. एकदा शाखा म्हणून धम्माला गिळायचं, एकदा वेगळा म्हणून त्याच्या दाराला टाळं लावायचं. दोन्ही वेळा निर्णय त्यांचाच, आपल्याला कुणी विचारलं नाही.

आणि कलम २५ च्या ज्या स्पष्टीकरणाचा आधार घेतात, ते नीट वाचलं तर 'हिंदूंमध्ये शीख, जैन, बौद्ध यांचा समावेश' हा उल्लेख फक्त समाजसुधारणा आणि देवळं खुली करण्याच्या उपखंडापुरता आहे. म्हणजे सुधारणेचा कायदा या धर्मांच्या संस्थांनाही लागू करता यावा एवढ्यासाठी. त्याचा अर्थ बौद्ध हे हिंदू, असा काढणं म्हणजे रेशनकार्डावर नाव आहे म्हणून भाडेकरूला घरातला मुलगा ठरवण्यासारखं आहे.

या कायद्यांतला सर्वांत अपमानकारक भाग शिक्षेच्या कलमात आहे. गुजरातच्या २००३ च्या कायद्यात बेकायदा धर्मांतराला तीन वर्षं कैद, पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर चार वर्षं. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात अशाच वर्गवारीनं शिक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. लहान मूल, बाई आणि दलित एका ओळीत! ही ओळ लिहिणाऱ्याला आपण संरक्षण देतोय असं वाटत असेल. पण संरक्षणाच्या आत गृहीत काय आहे? की यांना स्वतःची अक्कल नाही, यांना कुणीही फसवू शकतं. हे गृहीत जुनं आहे. १९३६ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक जॉन मॉट यांच्याशी बोलताना गांधीजींनी विचारलं होतं की तुम्ही गायीला बायबल सांगाल का, आणि पुढं काही अस्पृश्यांची समज त्याहून कमी आहे असंही म्हणाले होते. सुमारे एक वर्ष आधी येवल्यात त्याच अस्पृश्यांच्या नेत्यानं जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि मग एकवीस वर्षं जगातले धर्म तपासले. एवढा विचार करून धर्म निवडलेला दुसरा माणूस या देशात दाखवा.

हे आजचे कायदे १९५६ ला नागपुरात असते तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा. बाबासाहेबांना दीक्षा दिली महास्थवीर चंद्रमणी यांनी. परवानगीशिवाय, म्हणून ते आरोपी एक. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखोंना दीक्षा दिली. बहुतेक अनुसूचित जातीचे, म्हणजे वाढीव शिक्षा. उत्तर प्रदेशाच्या कायद्यात 'आमिषा'च्या व्याख्येत चांगल्या जीवनमानाचाही समावेश आहे. स्वाभिमानाचं, माणूस म्हणून जगण्याचं आयुष्य मिळेल हेच तर बाबासाहेब सांगत होते. आमिषच झालं ते! आणि बावीस प्रतिज्ञा? ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत अशाच सोहळ्यात त्या घेतल्या गेल्या तेव्हा गदारोळ होऊन तिथले मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना पद सोडावं लागलं. अमुक देवाला मी मानणार नाही, हे म्हणणं म्हणजे त्या देवाचा अपमान, असा अर्थ लावला गेला. मग विवेकाचं स्वातंत्र्य उरतं कशात? न मानण्याची मुभा नसेल तर मानण्याला किंमत काय?

नागपूरचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्याच वर्षी तिथं निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा अहवाल आला, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाविषयी. पूर्णपणे स्वेच्छेनं नसलेलं धर्मांतर कायद्यानं रोखावं, असं त्यात सुचवलं होतं. पुढच्या धर्मांतरविरोधी कायद्यांचं मूळ बरेच जण या अहवालात शोधतात, संघ परिवार तर तो आजही पुढं करतो. पण हेच नियोगी दीक्षाभूमीवर बौद्ध झाले, हे कुणी सांगत नाही. त्यांना कुणापुढं अर्ज करावा लागला नाही. त्यांची 'स्वेच्छा' तपासायला पोलीस आला नाही. मोठ्या माणसाची इच्छा ही इच्छा असते, फिटरची इच्छा चौकशीचा विषय होते.

कायद्याचे समर्थक लगेच १९७७ चा स्टॅनिस्लॉस निकाल काढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की धर्माचा 'प्रसार' करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, आणि असे कायदे सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आहेत. या निकालावर एच. एम. सीरवाईंसारख्या घटनापंडितानं कडाडून टीका केली होती, ती असो. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये धर्मांतर करण्याचा हक्क शब्दशः मागितला होता, तेही असो. मी तो निकाल घटकाभर जसाच्या तसा धरतो. दुसऱ्याला बदलण्याचा हक्क नाही, ठीक. पण माझं काय? मी स्वतः बदलणं हे तर 'प्रसार' या शब्दात येतच नाही, ते येतं त्याच्याही आधीच्या 'विवेकस्वातंत्र्य' या शब्दात. त्यावर परवानगीची अट कुठून आली? हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नेमकं हेच ओळखून पूर्वसूचनेचं कलम रद्द केलं होतं. आपली श्रद्धा काय हे कुणाला न सांगण्याचाही हक्क माणसाला आहे, असं म्हणून. २०१९ मध्ये त्या राज्यानं नव्या कायद्यात पूर्वसूचना परत आणली.

'सार्वजनिक सुव्यवस्था' या शब्दाचा तर मला धसकाच आहे. एखादा दलित बौद्ध होतो, त्यावरून गावातले चार लोक दंगा करायची धमकी देतात, मग सुव्यवस्था धोक्यात येते, आणि आवरलं जातं कुणाला? बौद्ध होणाऱ्याला. दंगा करणाऱ्याच्या हातात दुसऱ्याच्या हक्काची किल्ली द्यायची ही रीत. चवदार तळ्यावरही आपणच शांतता बिघडवतोय असं म्हटलं गेलं होतं.

आणि घरवापसीला मात्र मोकळं रान. उत्तर प्रदेशाच्या कायद्यात आधीच्या धर्मात परतणं हे धर्मांतर धरलंच जात नाही. बाहेर जाताना नाका, आत येताना कमान.

इथं आपल्या लोकांनाही एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मर्यादा आपल्यालाही आहेत, आणि त्या न्याय्य आहेत. १४ एप्रिलला रात्री बारापर्यंत डीजेच्या भिंती उभ्या करून दवाखान्यासमोरून मिरवणूक नेणं हा धम्म नव्हे आणि हक्कही नव्हे. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सांगितलंय की भोंगे आणि ढोल लावूनच प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. तो नियम मशिदीला, गणपतीला आणि जयंतीला एकच. आरोग्याची मर्यादा ही अशी असते. बुवाबाजीच्या विरोधात २०१३ चा जादूटोणा कायदा आला, तेव्हा धर्मावर घाला म्हणून ओरडणारे हेच होते, जे आज मर्यादांचे धडे देतात. त्या कायद्यासाठी दाभोलकरांना जीव द्यावा लागला.

जबरदस्तीनं, धाकानं, फसवून कुणाचा धर्म बदलला तर शिक्षा व्हावी की नाही? जरूर व्हावी. धमकी आणि फसवणूक आधीपासूनच गुन्हे आहेत, त्यासाठी कलेक्टरच्या परवानगीची गरज नाही. फसवलं गेलेल्यानं तक्रार करावी. स्वखुशीनं गेलेल्याच्या शेजाऱ्यांना का बोलावता?

महाराष्ट्रात असा कायदा करण्यासाठी राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी पोलीस महासंचालक. विवेकाचा विषय आणि अध्यक्ष पोलीस. दीक्षाभूमी ज्या राज्यात आहे, तिथं दरवर्षी अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला हजारो माणसं दीक्षा घेतात. म्हणून अशा कुठल्याही कायद्याचा मसुदा समोर आला की भाषणं ऐकत बसू नका, मसुदा मागवून घ्या आणि विहारात मोठ्यानं वाचा. पूर्वसूचनेचं कलम आहे का, 'आमिषा'च्या व्याख्येत काय काय कोंबलंय, तक्रार करायचा अधिकार नातेवाइकांपासून कुणाकुणाला दिलाय, स्वेच्छा सिद्ध करायची जबाबदारी कुणावर टाकली आहे, आणि शिक्षेच्या कलमात लहान मुलांच्या शेजारी आपलं नाव लिहिलंय का, ते पाहा. हरकती त्यावरच लेखी द्या, कलमाचा क्रमांक घालून, आणि पोच घ्यायला विसरू नका.